‘वर’ची वहिवाट

जामच्या चौरस्त्यावर नागपूरहून आलेला रस्ता फुटतो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. या मोठ्या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत. २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि तो ४४ झाला. समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा तो ७ च होता. एस. टी. थांबली की कंडक्टर दारातून ओरडे, “वरोऱ्यावरून चंद्रपूर! वरोऱ्यावरून!” आणि डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसे निमूटपणे आत चढत. गाडी वरोऱ्याच्या वरून उडत जाणार, अशी शंका त्यांतल्या कोणालाही कधी आली नाही.

ती शंका मला यायला हवी होती. मी इंग्रजी शिकवणारा माणूस. ‘ऑन’, ‘ओव्हर’ आणि ‘अबव्ह’ यांतला भेद मुलांच्या गळी उतरवणे हे माझे जूनपासूनचे काम. मी टेबलावर पुस्तक ठेवून म्हणे, हे ‘ऑन’. छताला टांगलेल्या कंदिलाकडे बोट दाखवून म्हणे, हा ‘ओव्हर’. आणि नंतर दर वर्षी ठरलेले एक वाक्य उच्चारी : “मराठीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, ‘वर’. इंग्रजी भाषा या बाबतीत फार संपन्न आहे.”

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, मग आपल्याले कसं समजते, पुस्तक कोठी हाय अन् कंदील कोठी हाय ते?” वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवले. प्रश्नाला उत्तर आहे हेच मला ठाऊक नव्हते. ते शोधायला मला पुढे बरीच वर्षे लागली, आणि त्याआधी एका कुटुंबाला माझ्या अज्ञानाची किंमत मोजावी लागली. ती हकीकत आधी सांगतो. मग या शब्दाचा इतिहास सांगितला तर तो नुसता पंडिती वाटणार नाही.

त्याच मुलाचे आजोबा एका दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे आले. फडक्यात बांधलेला एक जुना कागद त्यांनी पुढे ठेवला. स्वातंत्र्यापूर्वीचा, दिवाणी कोर्टाचा, इंग्रजीतला हुकूमनामा होता. चुलतभावाच्या वावरातून बैलगाडी नेण्याचा त्यांच्या वडिलांचा हक्क त्यात मान्य केला होता. आता दोन्ही घरांतली नवी पिढी हाताशी आली होती, कुरबुरी सुरू झाल्या होत्या, तेव्हा जुन्या कागदाप्रमाणे मराठीत एक समजुतीचा लेख करून टाकावा असे दोघांनी ठरवले होते. भाषांतर मास्तरांनी करायचे.

मी मोठ्या उत्साहाने ते केले. इंग्रजीत होते, अमुक नंबरच्या शेताच्या ‘ओव्हर’ वाट. मी शाळेतला नियम लावला आणि लिहिले, “शेताच्या वर गाडीवाट राहील.” कागदावर अंगठे उमटले, सह्या झाल्या, चहा झाला.

आमच्याकडे जमीन उताराची असते. एका अंगाला चढ, दुसऱ्या अंगाला नाला. “शेताच्या वर” म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला, असाच अर्थ गावात होतो. दुसरा होतच नाही. चुलतभावाने तोच घेतला, आणि त्यात त्याची लबाडी नव्हती. वरच्या धुऱ्याला लागून असलेली दगडगोट्यांची अरुंद पट्टी त्याने मोकळी करून दिली. गाडी तिथून जाईना. वावराच्या मधून गेलेली जुनी चाकोरी त्याने नांगरून टाकली. पुढचे दोन हंगाम त्या घरच्या सुनांनी वेचलेला कापूस गाठोडी बांधून, डोक्यावर घेऊन, नाल्याच्या कडेने वळसा घालत आणला. मला हे कोणी सांगितले नाही. मास्तरांनी लिहून दिले म्हणजे तसेच असणार, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

उलगडा झाला तो हिंगणघाटला. तिथल्या कचेरीबाहेर बसणारे एक वृद्ध अर्जनवीस होते. आजोबा दुसऱ्याच कामासाठी त्यांच्याकडे गेले असता त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि माझ्या भाषांतरावर बोट ठेवून एवढेच म्हणाले, “इथे ‘वरून’ पाहिजे.”

अर्जनवीसांना व्याकरण किती येत होते ते मला ठाऊक नाही. कायदा येत होता. वाटेच्या, पाण्याच्या, उजेडाच्या अशा हक्कांना कायद्यात सुविधाधिकार म्हणतात, आणि त्यांचा कायदा १८८२ सालचा आहे. त्या वर्षीच्या १ जुलैपासून तो अमलात आला, पण सबंध देशात नव्हे; प्रथम फक्त मद्रास इलाखा, मध्यप्रांत आणि कूर्ग येथे. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लावण्यात आला. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, त्यामुळे पुण्याच्या आधी ९ वर्षे हा कायदा आमच्या वर्ध्याला मिळाला. त्याच्या चौथ्या कलमाखाली पहिलेच उदाहरण आहे ते शेजाऱ्याच्या जमिनीवरून आपल्या घरी जाण्याच्या हक्काचे, आणि तिथे जो शब्द आहे तो हाच, ‘ओव्हर’. गावोगावच्या वहिवाटींची नोंद करण्यासाठी आमच्या बाजूला वाजिब-उल-अर्ज नावाचा कागदही असे. वावरात जाण्यायेण्याच्या वाटा कोणत्या, कोणाला त्यावरून जाता येईल, हे त्यात लिहिलेले असे. म्हणजे ‘वरून’ हा शब्द या मातीत मुरलेला होता. तो फक्त मास्तरांना सुचला नाही.

मी रात्रभर तळमळलो. सकाळी त्या मुलाचा प्रश्न आठवला आणि मग उत्तर माझ्या टेबलावरच पडलेले दिसले. पुस्तक ‘टेबलावर’ असते. कंदील ‘टेबलाच्या वर’ असतो. आणि मांजर ‘टेबलावरून’ उडी मारते. एकच ‘वर’, पण तीन बांधण्या. ‘टेबल’चे सामान्यरूप करून ‘वर’ त्याला चिकटवला की बहुधा स्पर्श असतो. मध्ये ‘च्या’ घातला की अंतर पडते. आणि ‘वर’ला ‘ऊन’ लागला की हालचाल सुरू होते. इंग्रजाने हा भेद वेगवेगळ्या शब्दांत ठेवला, आम्ही तो जोडणीत ठेवला. अपवाद आहेत. ‘डोक्यावर सूर्य आला’ म्हणताना सूर्य डोक्याला टेकत नाही. पण तेथे घोटाळा होण्याचा संभवच नसल्यामुळे भाषा ‘च्या’ची काटकसर करते. मुलाने विचारले होते, आपल्याला कसे समजते. असे समजते.

मग मला या शब्दाचा नाद लागला. शाळेच्या आणि गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटांत जे जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जो इतिहास हाती लागला तो थोडक्यात असा.

आपला ‘वर’ हा संस्कृत ‘उपरि’चा वंशज. ‘अरण्या’तला पहिला स्वर गळून ‘रान’ झाले, तसा ‘उपरि’तला ‘उ’ गळाला. ‘दीपा’चा ‘दिवा’ होताना ‘प’चा ‘व’ झाला, तसा येथेही झाला. जुन्या मराठीत तो ‘वरि’, ‘वरी’ अशा रूपांत भेटतो. पुढे शेवटची ‘इ’ही झिजली आणि ‘वर’ उरला. लग्नातला ‘वर’ आणि देवाने दिलेला ‘वर’ यांच्याशी याचे काही नाते नाही. ते दोघे ‘निवडणे’ या अर्थाच्या ‘वृ’ धातूचे. मांडवात वर वर बसला तरी दोन ‘वर’ वेगळ्या कुळांतले असतात.

आता गंमत पाहा. इंग्रजीचा ‘ओव्हर’ जुन्या इंग्रजीत ‘ओफर’ असा होता, जर्मनमध्ये तो ‘यूबर’ आहे, लॅटिनमध्ये ‘सुपर’, ग्रीकमध्ये ‘हुपेर’. हे सारे आणि ‘उपरि’ ही एकाच आजीची नातवंडे. कलकत्त्यात २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले, आणि पुढच्या शतकात युरोपातील पंडितांनी ध्वनींचे नियम शोधून ते नाते पक्के केले. संस्कृतात जेथे ‘प’ तेथे इंग्रजीत ‘फ’, हा त्यांतला एक नियम. ‘पितृ’चा ‘फादर’ आणि ‘पद’चा ‘फूट’ त्यामुळेच. म्हणजे त्या मूळ शब्दातला ‘प’ इंग्रजांकडे आधी ‘फ’ आणि मग ‘व्ह’ झाला. आमच्याकडे तो प्राकृताच्या वाटेने ‘व’ झाला. दोन भावंडे हजारो मैलांवर, हजारो वर्षे, एकमेकांची खबर नसताना चालत राहिली आणि शेवटी जवळजवळ एकाच ध्वनीवर येऊन थांबली. मी वर्गात ज्यांना परके म्हणून शिकवत होतो ते ‘वर’ आणि ‘ओव्हर’ सख्खे चुलते होते. आजच्या मुंबईपुण्यात मोटार बोलावताना लोक ‘उबर’ म्हणतात. ते नावही जर्मन ‘यूबर’वरूनच घेतलेले आहे.

पण इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी या घराण्यातले आणखी एक माणूस आपल्या दारी येऊन राहिले होते. जुन्या पर्शियनमध्ये ‘उपरि’चे भावंड ‘उपरिय्’ असे होते. काळाच्या ओघात तेथेही पहिला स्वर गळाला आणि फारसीत ‘बर’ उरला. अर्थ तोच, वर. हा ‘बर’ सुलतानांच्या कचेऱ्यांतून मराठीत शिरला. सभा ‘बरखास्त’ होते, म्हणजे उठून वर होते. नोकर ‘बडतर्फ’ होतो; मूळ शब्द ‘बरतर्फ’, म्हणजे बाजूवर, बाजूला काढलेला. आणि ‘बरबाद’ हा शब्द तर ‘बर’ आणि ‘बाद’ मिळून झाला. ‘बाद’ म्हणजे वारा. बरबाद होणे म्हणजे वाऱ्यावर जाणे. आपण ‘पोरांना वाऱ्यावर सोडले’ म्हणतो तेव्हा तीच कल्पना घरच्या शब्दांत सांगत असतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. काळाची ती गरजच होती. तरीही ‘बर’ बडतर्फ झाला नाही. तो राहिला, आणि आपल्याच रक्ताचा निघाला.

तिसरा पाहुणा इंग्रजांबरोबर आला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निधन पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. नव्या अमलात रस्ते, पूल, रेल्वे आली आणि त्यांच्या बांधकामावर ‘ओव्हरसियर’ नावाचा अंमलदार आला. वरून पाहणारा तो ओव्हरसियर. सायकलीवरून, डोक्यावर टोपी घालून येणारा ओव्हरसियर आमच्या पिढीने पाहिला आहे. मागोमाग ओव्हरकोट, ओव्हरटाइम आणि ओव्हरटेक आले. ओव्हरटेकची पाटी जामच्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पाठीमागे अजून काही ना काही उपदेश करीत असते.

क्रिकेटमधल्या ‘ओव्हर’ला आपण ‘षटक’ म्हटले. शब्द सुटसुटीत आहे, यात वाद नाही. पण इंग्लंडात १८८८ पर्यंत ओव्हरमध्ये ४ चेंडू असत, १८८९ पासून ५ झाले आणि ६ झाले ते १९०० मध्ये. ऑस्ट्रेलियात तर १९७९ पर्यंत ८ चेंडूंची ओव्हर होती. आठ चेंडूंचे षटक म्हणजे पाच पायांची चौपाई! ज्याचा मूळ अर्थ चेंडूंच्या संख्येशी नाही त्याला संख्येत बांधले की असे होते. मी ‘ओव्हर’ला ‘च्या वर’मध्ये बांधले, तेही याच जातीचे.

मग आमच्या व्याकरणकारांनी या ‘वर’चे काय केले? मराठीचे छापील व्याकरण इंग्रजीत निघाले, १८०५ मध्ये, विल्यम केरी यांचे, बंगालमधल्या श्रीरामपूरहून. फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ त्यांचे साहाय्यक होते. त्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१६ मध्ये नागपूरकर भोसल्यांची वंशावळी मराठीत छापून निघाली, हे आम्हा वऱ्हाडी-नागपुरी मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८३१ मध्ये मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीत मराठीचे व्याकरण लिहिले, आणि शब्दांच्या आठ जातींची जी विभागणी शाळाशाळांतून आजही चालते ती रुळली. इंग्रजीच्या नमुन्यावर बेतलेली ती चौकट. इंग्रजीत ‘ओव्हर’ नामाच्या आधी बसतो, आपला ‘वर’ नामाच्या मागे. तरी दोघांना समोरासमोर बसवून आपल्याकडे त्याला ‘शब्दयोगी अव्यय’ म्हटले गेले. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून या साऱ्या मांडणीची कसून तपासणी केली.

या थोरांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या पोथ्या आमच्या शाळांत पोचेपर्यंत त्यांतला विचार गळाला आणि तक्ता तेवढा उरला. तक्त्यात डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. डावीकडे ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘अबव्ह’, ‘अपॉन’. उजवीकडे चारही ओळींत ‘वर’, ‘वर’, ‘वर’, ‘वर’. तो तक्ता पाहून वाढलेल्या मुलाला आपली भाषा दरिद्री वाटली तर दोष कोणाचा? त्या तक्त्याला ‘च्या’ आणि ‘ऊन’ दिसत नाहीत. आणि उजवीकडून डावीकडे वाचायला तर कोणी सांगतच नाही.

तसे वाचून पाहावे. ‘ओव्हर’ अनेक कामे करतो, त्यांतली बहुतेक ‘वर’ही करतो. पन्नासाच्या पुढचे वय झाले की दोघेही तेच म्हणतात, पन्नासावर. राजा प्रजेवर राज्य करतो, दोन्हीकडे. इंग्रज ज्याला ‘ओव्हर अँड ओव्हर’ म्हणतो ते आपले ‘वरचेवर’. जमिनीच्या ‘ओव्हर’ भांडण होते, आपल्याकडे ‘जमिनीवरून’. पाहा कसे आहे : ‘वावरावरून’ वाट जाते आणि ‘वावरावरून’ भांडणही होते. हे दोन अर्थ दोन्ही भाषांत एका शब्दात राहतात. आणि पुढे ‘वर’ अशा घरांत जातो की तेथे ‘ओव्हर’ला प्रवेश नाही. ‘वरकमाई’ आहे, ‘वरखर्च’ आहे, ‘वरचष्मा’ आहे. माणूस ‘वरवर’ गोड बोलतो आणि शेवटी सगळेच ‘वर’ जातात.

याच कुळातला एक शब्द मात्र मला हसू देत नाही. पेशवाईच्या काळी शेत करणारांत दोन वर्ग होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर पिढीजात हक्क. उपरी हा वरून आलेला, बाहेरचा, आज आहे उद्या नाही असा. त्यातलाच ‘उपरा’. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले आणि महाराष्ट्राला या शब्दाचा भार कळला. जमिनीच्या वर असणे आणि जमिनीत मूळ असणे यांत केवढे अंतर आहे! एका अव्ययावर माणसाचा हक्क उभा राहतो किंवा पडतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी एका घराचे कापसाचे दोन हंगाम पाहून शिकलो होतो.

त्या वाटेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी दोन्ही चुलतभावांना शाळेच्या ओट्यावर बोलावले, जुना हुकूमनामा वाचून दाखवला आणि चूक माझी आहे असे सांगितले. ते सांगताना जीभ जड झाली होती. धाकटा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, वावरावरून म्हणता नं? मग तं बाप्पा पयलेपासून तसंच होतं.” कागद नव्याने लिहिला. या वेळी मी आधी बोललो आणि मग लिहिले. पुढच्या दिवाळीला कापसाची गाडी जुन्या चाकोरीने घरी आली. आजोबा गाडीवर बसून होते. मला रस्त्यात पाहून त्यांनी बैल थांबवले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमच्या एका ‘वर’नं आमाले दोन वर्सं खाली ठेवलं.” आणि हसले. मला मात्र हसता आले नाही. त्यांनी हात देऊन मला गाडीवर ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडल्यावर मी त्या मुलाला उभे केले आणि सगळ्या वर्गासमोर त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ते द्यायला उशीर झाला होता. फळ्यावर टेबल, पुस्तक, कंदील आणि मांजर काढले. खाली ‘टेबलावर’, ‘टेबलाच्या वर’, ‘टेबलावरून’ असे लिहिले आणि त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द. मराठी डावीकडे, इंग्रजी उजवीकडे. निवृत्त होईपर्यंत माझा तक्ता तसाच राहिला.

अजूनही कधी जामच्या चौरस्त्यावर उतरलो की कंडक्टरची हाक कानी पडते. हिंगणघाटवरून, वरोऱ्यावरून. मी थोडा वेळ उभा राहून ऐकतो आणि मग रस्त्यावरून पलीकडे जातो.